येणे बाकी

हळदीच्या यार्डात मी मापाडी.
पोतं काट्यावर चढतं,
बारदान वजा, कडता वजा,
उरेल ते निव्वळ.
वीस वर्षं दुसऱ्यांचं चोख मापलं.
पावतीवर माझी सही असली
की आडत्या पुन्हा बघत नाही.

घरच्या वहीत मात्र
मी एकच रकाना आखला होता : येणे.
सोमवारी शंभर गेले, येणे शंभर.
मंगळवारी दोनशे लावले
कालचे ओढून आणायला,
तेही गेले, येणे तीनशे.
लोकांना वाटतं, हाव सुटली असेल.
हाव कसली?
मला फक्त फिटंफाट करायची होती.
एकदा.
मग सोडणारच होतो.

पुराच्या साली आयर्विनखाली पाणी चढत होतं.
गावभागात गाद्या माळ्यावर चालल्या होत्या,
म्हशी दोर तोडत होत्या,
जो तो विचारत होता, किती फूट झालं?
कुणीतरी ओरडलं, बेचाळीस.
मी इलाहीला फोन लावला,
बेचाळीसची जोडी, पाचशे.
बायको जिन्यात उभी होती, डोक्यावर गव्हाचं पिंप.
तिनं ऐकलं.
तेव्हा काही बोलली नाही.

वही तिला नंतर सापडली, चिखल काढताना.
पानं चिकटलेली, आकडे शाबूत.
त्रिशलानं बोट ठेवत ठेवत
खालची बेरीज वाचली,
तीन लाख अठरा हजार.
आणि खरंच विचारलं, टोमणा नव्हता त्यात,
"एवढं येणं आहे?
कुणाकडनं?"

मी नाव शोधू लागलो.
अजून शोधतोय.

आता मंगळवारी संध्याकाळी सहाला
विश्रामबागेतल्या एका शाळेत आम्ही नऊजण बसतो.
बाकं तिसरीच्या पोरांची, गुडघे मावत नाहीत.
पहिल्या दिवशी फळ्यावर सातचा पाढा होता,
सात सक्कं बेचाळीस.
मी मान खाली घातली.
जमादारकाका उठले, डस्टर घेतलं,
काही न बोलता सगळा पुसला.
म्हणाले, मला सोडून अकरा वर्षं झाली,
आणि बघ, अकरा म्हणालो
तर आत कुणीतरी लगेच म्हणालं,
एक्क्यावर एक्का, लाव.
सगळे हसले.
मीही, किती दिवसांनी.

मला किती दिवस झाले ते विचारू नका.
आकडा सांगितला
की तो खेळावासा वाटतो.

पगार त्रिशलाच्या खात्यावर जातो.
फोन बटणांचा.
खिशात चहाचे वीस.
परवा टपरीवरून इलाहीनं हाक मारली,
"भूपाल, आज क्लोजमध्ये दम हाय.
समदं एका झटक्यात निघंल."
समदं.
तो शब्द तळपायात शिरला.
वीस रुपये मुठीत भिजले.
मी उभा होतो, किती वेळ कोण जाणे,
मग पलीकडच्या गाड्यावर गेलो,
भडंगाचा पुडा घेतला
आणि तिथंच सगळा खाल्ला,
मिरच्यांसकट, लसणासकट,
नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर.
घरी सांगितलं.
ती म्हणाली, "मिरच्या पण?"

वहीत 'येणे' खोडायला मला पाच मंगळवार लागले.
वरती 'गेले' लिहिलं.
अक्षर चांगलं आलं नाही.
रात्री कधी जाग येते,
तेव्हा अजून वाटतं, ते सगळे पैसे
कुठंतरी एकत्र बसलेत,
माझी वाट बघत.
कूस बदलतो.

सकाळी पहिलं पोतं.
हल्ली काटा इलेक्ट्रॉनिक आहे,
लाल आकडे नाचतात,
पन्नास, एकोणपन्नास, पुन्हा पन्नास.
ते थांबेस्तोवर मी हमालाच्या पायांकडं बघतो,
पिवळे, घोट्यापर्यंत.
मग वाचतो, मोठ्यानं,
"एकोणपन्नास किलो आठशे."
लिहितो.
आणि म्हणतो, पुढचं आणा.